घराचं एनर्जी ऑडिट नेमकं कधी करावं? सोलापूरच्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

उन्हाळ्यात लाईट बिल वाढणारच, हे सोलापूरकर धरूनच चालतो. मार्च सरतो न सरतो तोच पारा चाळिशीला टेकतो, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास रेंगाळतो, आणि पंखे, कुलर, एसी यांना विसावा म्हणून मिळत नाही. पण या सवयीमुळे एक नुकसान होतं. जी वाढ उन्हामुळे झालेलीच नाही, तीही आपण उन्हाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. पाण्याच्या मोटरचा गळका फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप), करंट उतरलेला गिझर, थकलेली इन्व्हर्टरची बॅटरी ही मंडळी बारा महिने युनिटं खात असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

घरात वीज कुठे, किती आणि का जाते याची मोजून केलेली तपासणी म्हणजे एनर्जी ऑडिट. थंड देशांत या तपासणीचा सगळा भर घरातली ऊब कुठून बाहेर निसटते यावर असतो. आपल्याकडे गणित उलटं आहे. इथे बाहेरची उष्णता कुठून आत शिरते, पाणी वर चढवायला किती वीज लागते आणि जुन्या वायरिंगमध्ये किती मुरते, हे बघायचं.

माझं ठाम मत असं आहे की ऑडिटर बोलवायची वेळ मोठा खर्च ठरण्याच्या आधीची असते. सोलर, एसी, नवा स्लॅब, जुन्या घराची खरेदी यांत घातलेले पैसे बरीच वर्षं परत फिरवता येत नाहीत. त्याआधी मोजमाप झालं तर निर्णय बदलता येतो. नंतर झालं तर अहवाल वाचून हळहळण्यापलीकडे हाती काही लागत नाही. एरवीच्या शंकांसाठी घरच्या घरी केलेली तपासणी बहुतेक वेळा पुरते, म्हणून आधी तीच कशी करायची ते सांगतो.

पहिली पायरी: बिलातले रुपये बाजूला ठेवा, युनिटं बघा

दर बदलतात, इंधन समायोजन आकार कमी-जास्त होतो, त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं. त्यामुळे ‘गेल्या वर्षी अठराशे आलं होतं, यंदा चोवीसशे आलं’ या तुलनेला अर्थ नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीज वापर दिलेला असतो. त्यातून गेल्या वर्षीचा हाच महिना शोधा. मे ची तुलना मे शी, जानेवारीची जानेवारीशी. मग रीडिंगच्या चालू आणि मागील तारखा बघून मधले दिवस मोजा. रीडिंग कधी २८ दिवसांनी होतं, कधी ३५. युनिटांना दिवसांनी भागा, म्हणजे रोजचा वापर कळेल.

रोजचा वापर गेल्या वर्षापेक्षा १०-१५ टक्क्यांनी वर-खाली झाला तर विशेष काही नाही, एखादा उन्हाळा जास्त कडक असतो. माणसं तेवढीच, उपकरणं तीच आणि तरीही २०-२५ टक्के वाढ दोन बिलांत सलग दिसली, तर मात्र पुढच्या पायरीकडे वळा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे पंखेही अर्धेअधिक बंद असताना अशी वाढ दिसली, तर अजिबात थांबू नका. तेव्हा उन्हाकडे बोट दाखवायलाही जागा नसते.

एक खबरदारी घ्या. मीटर बंद किंवा नादुरुस्त असेल, रीडिंग मिळालं नसेल, तर बिल सरासरीने येतं आणि खरं रीडिंग झालं की सगळी थकलेली युनिटं एकदम अंगावर येतात. बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळतो का ते आधी पाहा. जुळत नसेल तर ऑडिटरचं इथे काही काम नाही, महावितरणच्या कार्यालयात किंवा १९१२ वर तक्रार करा.

युनिटांवरून आणखी एक गोष्ट कळते. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. पहिल्या शंभरानंतर युनिटाचा दर दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे ३५० युनिटं वापरणाऱ्या घरात वाचलेलं युनिट ९० युनिटं वापरणाऱ्या घरापेक्षा कितीतरी जास्त पैसे वाचवतं. तोच पंखा बदलला तरी एका घराचे पैसे लवकर सुटतात, दुसऱ्याचे रखडतात. कोणता खर्च आपल्याला परवडेल हे तुमच्या टप्प्यावरून ठरतं, शेजाऱ्याच्या अनुभवावरून नाही.

दुसरी पायरी: मीटरजवळ पाच मिनिटं उभे राहा

संध्याकाळी, बाहेर थोडा अंधार असताना हे करा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या जवळ ३२०० किंवा १६०० असा एखादा आकडा आणि ‘इम्पल्स’ची खूण छापलेली असते. ३२०० चा अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

मोबाईलवर एक मिनिट लावा आणि लुकलुक मोजा. त्या संख्येला ६०,००० ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. उत्तर वॅटमध्ये येईल. मिनिटाला १६ वेळा लुकलुकला आणि मीटर ३२०० चा असेल, तर त्या क्षणी घर ३०० वॅट ओढतंय.

आता घरातली सगळी बटणं बंद करा. फ्रीज, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, वायफाय, मोबाईलचे चार्जर यांचे प्लग काढा. इन्व्हर्टर मेनपासून वेगळा करा. मेन स्विच मात्र चालूच राहू द्या. आता दिवा लुकलुकायलाच नको. दोन-चार मिनिटं थांबूनही तो मधूनमधून लुकलुकत असेल, तर घरात एक तर विसरलेलं उपकरण आहे किंवा वायरिंगमधून करंट गळतोय. एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाईनचे सुरक्षा स्विच, एकेक करून पाडा. ज्या एमसीबीबरोबर लुकलुक थांबेल, दोष त्या लाईनवर. डीबीचं, म्हणजे या स्विचच्या पेटीचं झाकण उघडून आतल्या वायरींना हात लावायचं काम मात्र वायरमनचं आहे. आणि मीटरच्या सीलला कुणालाही हात लावू देऊ नका, वायरमनलासुद्धा नाही.

बऱ्याच मीटरवर लिकेज दाखवणारा आणखी एक दिवा असतो, त्याच्याशेजारी ‘ईएल’ किंवा ‘अर्थ’ असं लिहिलेलं असतं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नसेल तर तो पेटतो. आपल्याकडे याचं कारण अनेकदा गिझर निघतं. बोअरच्या जड पाण्याचे क्षार एलिमेंटवर थर धरतात, एलिमेंट आतल्या आत जास्त तापून तडकतो आणि करंट पाण्यात उतरतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो करंट मुकाट्याने जमिनीत जात राहतो आणि आपल्याला बिलातच दिसतो. अर्थिंग खराब असेल तर माणसाला शॉक बसतो. म्हणून हा दिवा पेटलेला दिसला तर बचतीचा विचार सोडा, त्याच दिवशी वायरमन बोलवा आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. पावसाळ्यात भिंती ओल्या असताना ही तपासणी एकदा पुन्हा करा. उन्हाळ्यात लपलेलं लिकेज जुलै-ऑगस्टमध्ये उघडं पडतं.

सगळी उपकरणं पुन्हा लावल्यावर, रात्री सगळे झोपलेले असताना पंखे सोडून काय काय वीज ओढतंय तेही याच पद्धतीने काढा. रात्रंदिवस चालू राहणारा फक्त ५० वॅटचा भार महिन्याला ३६ युनिटं करतो. जुन्या बॅटरीचा इन्व्हर्टर, रिमोटने बंद केलेला टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स मिळून तेवढं सहज ओढतात.

तिसरी पायरी: पाण्याची मोटर

पंखा-एसीची चर्चा सगळे करतात, मोटरची कुणी करत नाही. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येणारं पाणी हौदात साठवायचं आणि मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, हा घरोघरचा नेम आहे. जोडीला बोअर असतो. एक एचपीची मोटर साधारण एक किलोवॅट ओढते. ती रोज तासभर चालली तर महिन्याला ३० युनिटं झाली.

तपासणी सोपी आहे. टाकी तळाला गेल्यावर मोटर सुरू करा आणि भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. पूर्वी पंचवीस मिनिटांत भरणारी टाकी आता चाळीस मिनिटं घेत असेल, तर फूटव्हॉल्व्ह गळतोय, इम्पेलर (मोटरमधलं पाणी ढकलणारं चाक) झिजलाय, पाइपात क्षार बसलाय किंवा बोअरची पातळी खाली गेलीय. मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरून परत प्रायमिंग करावं, म्हणजे वरून पाणी ओतून पाइप भरावा लागत असेल, तर फूटव्हॉल्व्हच बघा. त्याची दुरुस्ती थोडक्यात होते. रिवाइंडिंग झालेल्या मोटरवर विशेष नजर ठेवा, कारण निगुतीने न केलेल्या रिवाइंडिंगनंतर ती तेवढ्याच पाण्याला जास्त वीज घेऊ लागते. टाकी भरून गच्चीवरून धो धो पाणी वाहतंय हे दृश्य प्रत्येक कॉलनीत दिसतं. त्यात वीज वाया जाते, आणि उजनीहून एवढ्या लांबून आलेलं पाणीही. टाकीत फ्लोट स्विच बसवून घ्या.

चौथी पायरी: छताला हात लावून बघा

बाळीवेस, साखर पेठेसारख्या जुन्या भागांत अजून काही माळवदाची घरं उभी आहेत. जाड मातीचं छत आणि दोन-दोन फुटांच्या भिंती यामुळे भर दुपारीही आत डोळा लागतो. तेच घर पाडून त्या जागी आरसीसीचा स्लॅब पडला की पहिल्याच उन्हाळ्यात एसीची चौकशी सुरू होते. पत्र्याच्या घरांची तर गोष्टच वेगळी, तिथे ऊन थेट डोक्यावर उतरतं.

एप्रिलमध्ये एखाद्या रात्री आठ-नऊच्या सुमारास स्टुलावर उभे राहून स्लॅबच्या खालच्या बाजूला तळवा टेकवा. पंखा आधी बंद करा. मग आतल्या एखाद्या सावलीतल्या भिंतीला हात लावा, नंतर पश्चिमेच्या भिंतीला. दिवसभर तापलेल्या स्लॅबची उष्णता खाली पोहोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारी ही तपासणी फसवी ठरते. रात्री छत हाताला गरम लागत असेल, तर तुमच्या एसीची निम्मी लढाई त्या स्लॅबशी चाललेली आहे. अशा खोलीत दीड टनाच्या जागी दोन टनांचा एसी आणणं म्हणजे आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. आधी गच्चीवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग द्या किंवा पांढऱ्या चायना मोझॅकचा थर घाला. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दिलेला चुन्याचा हातही उपयोगी पडतो. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करा. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते.

आणि एक आपल्या हवेचा फायदा लक्षात घ्या. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे इथे कुलर चांगला चालतो. दीडशे-दोनशे वॅटच्या कुलरने भागत असेल तिथे दीड किलोवॅटचा एसी कशाला? खिडकी थोडी उघडी ठेवून हवेला बाहेर जायला वाट दिली पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो.

आता ऑडिटर बोलवायची वेळ

या चार पायऱ्यांनंतर बऱ्याच घरांचं कोडं सुटलेलं असतं. ज्यांचा वापर महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटांच्या आत आहे, त्यांनी पैसे देऊन ऑडिट करण्यात अर्थ नाही, ऑडिटची फी सुटणारच नाही. भाड्याच्या घरातही छत-वायरिंग तुमच्या हातात नसतं, तिथे पंखे आणि दिवे बदलून थांबा. खाली दिलेल्या प्रसंगी मात्र ऑडिट जरूर करा.

*सोलर बसवण्याआधी.* हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग. आपल्याकडे एक किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिटं धरतात. महिन्याला ४०० युनिटं वापरणाऱ्या घराला विक्रेता साडेतीन किलोवॅट सांगेल, आणि त्याचं गणित चुकीचं नसेल. पण ऑडिट करून गळती, जुने पंखे, मोटर सुधारली आणि वापर २८० वर आला, तर सव्वादोन-अडीच किलोवॅटमध्ये काम होतं. घराच्या छतावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात अनुदान एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्यापुढे ७८ हजार असं आहे. क्षमता कितीही वाढवली तरी ७८ हजारांच्या वर अनुदान वाढत नाही, वरचा खर्च पूर्ण आपला. म्हणून आधी वापर कमी करा, मग पॅनेल मोजा.

*जुनं घर पाडून बांधताना, वर मजला चढवताना.* नकाशा हातात असतानाच बोला. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातलेली आहे. उघडा आरसीसी स्लॅब त्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. तुमच्या आर्किटेक्टला या संहितेप्रमाणे हिशेब करून मागा. बांधकाम चालू असताना इन्सुलेशनचा थर थोड्या वाढीव खर्चात होतो, नंतर वॉटरप्रूफिंग उखडून करावा लागतो.

*जुनं घर किंवा फ्लॅट विकत घेताना.* इथे विजेच्या बचतीपेक्षा वायरिंगची सुरक्षितता मोठी. ॲल्युमिनियमच्या जुन्या वायरी, नावापुरतं अर्थिंग, एका सॉकेटवर दोन-तीन जोड असं बरंच काही पेठांतल्या घरांत आढळतं. विक्रेत्याकडून मागच्या वर्षभराची बिलं मागून घ्या.

*घरात धंदा सुरू करताना किंवा वाढवताना.* सोलापुरात हे घरोघरी आहे. युनिफॉर्मची शिलाई, पापड, शेंगाचटणी, कुठे खालच्या खोलीत माग. घरगुती कनेक्शनवर छोटा व्यवसाय चालतो, पण महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटांच्या मर्यादेत. तिच्या पुढे गेलात तर दराचा वर्गच बदलतो. शिलाई मशीनच्या जुन्या क्लच मोटरी सुई थांबलेली असतानाही फिरत असतात, सर्वो मोटर फक्त शिवताना वीज घेते. दहा मशीन असलेल्या घरात या एका बदलाने मर्यादेच्या आत राहता येतं का, हे मोजूनच कळेल. यंत्रमागाला वेगळं कनेक्शन आणि वेगळा दर असतो, तो भार घरच्या मीटरवर कधीही घेऊ नका.

याशिवाय घरची तपासणी करूनही वाढलेल्या युनिटांचं कारण सापडलं नाही, तर ऑडिट करा. मीटरच वेगाने पळतोय अशी शंका असेल तर महावितरणकडे शुल्क भरून मीटर तपासणीचा अर्ज करता येतो.

महिना कोणता? विजेच्या उपकरणांसाठी गड्ड्याची यात्रा आटोपल्यानंतरचा काळ, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी उत्तम. सुधारणा करून उन्हाळ्याला सामोरं जाता येतं, आणि वायरमनही मोकळे सापडतात. छताचं मोजमाप मात्र एप्रिलमध्येच खरं येतं.

कोणाला बोलवायचं

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी परीक्षा घेऊन एनर्जी ऑडिटर प्रमाणित करतं, त्यांची यादी संकेतस्थळावर असते. राज्यात हे काम महाऊर्जा ही राज्य सरकारची संस्था बघते. आपल्या जिल्ह्यातल्या अशा ऑडिटरांना साखर कारखाने आणि कापड उद्योगाचं काम भरपूर असतं, एका घरासाठी ते येतीलच असं नाही. म्हणून जुळे सोलापूर, होटगी रोडसारख्या भागांतल्या सोसायट्यांनी मिळून बोलवावं. सामायिक मोटर, लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि आठ-दहा फ्लॅट एकदम होतात, खर्च वाटला जातो. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रिकल विभागातही चौकशी करा. फक्त वायरिंगची शंका असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदार पुरेसा आहे.

सोलर किंवा एसी विकणाऱ्याने देऊ केलेलं ‘मोफत ऑडिट’ घेऊ नका. त्याचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

फी ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोणती उपकरणं आणणार? वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर, वायरींचं इन्सुलेशन तपासायचा मेगर आणि छताचं तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर किंवा थर्मल कॅमेरा एवढं तरी हवंच. प्रत्येक उपकरण चालवून मोजणार, की मागची पाटी वाचून लिहिणार? लेखी अहवाल देणार का? दुसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर नमस्कार करून निरोप द्या.

ऑडिटच्या दिवशी बारा महिन्यांची बिलं, मोटरच्या वेळांची नोंद आणि तुमची लुकलुक मोजलेली वही समोर ठेवा. घरातल्या बायकांना त्या वेळी घरी राहू द्या. मिक्सर, गिझर, मोटर किती वेळ चालते हे त्यांनाच नेमकं माहीत असतं, आणि ऑडिटर पुरुषांनाच विचारून गेला तर अंदाज हमखास चुकतो.

अहवाल हातात आल्यावर

पहिल्यांदा बेरीज तपासा. सगळ्या उपकरणांची मिळून येणारी युनिटं बिलाच्या जवळ यायला हवीत. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर काहीतरी मोजायचं राहिलंय, ते परत मोजून घ्या. मग प्रत्येक सूचनेपुढे खर्च, वाचणारी युनिटं आणि पैसे किती दिवसांत सुटतील हे लिहिलंय का ते बघा.

एक उदाहरण करून दाखवतो. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा साधारण ३०. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला २० युनिटं वाचतात. सोलापुरात वर्षातले आठ महिने पंखा असा चालतो, म्हणजे १६० युनिटं. तुम्ही शंभराच्या वरच्या टप्प्यात असाल आणि युनिट ११ रुपयांच्या आसपास पडत असेल, तर वर्षाला साडेसतराशे रुपये. तीन हजारांचा पंखा दोन वर्षांच्या आत सुटतो. पहिल्याच टप्प्यात असाल तर तीन वर्षं लागतात, तेव्हा जुना पंखा बिघडेपर्यंत थांबलेलं बरं. बैठकीच्या खोलीतला पंखा दिवसाला दोन तास चालत असेल, तर तो बदलूच नका.

क्रम असा ठेवा: लिकेज आणि अर्थिंग आधी, पैसे सुटोत न सुटोत. मग फूटव्हॉल्व्ह, फ्लोट स्विच, फ्रीजच्या दाराचं सैल रबर अशी बिनखर्चाची किंवा किरकोळ कामं. एसी २४ वर ठेवणंही यातच आलं, एक अंश वर ठेवला तर एसीच्या विजेत सुमारे सहा टक्के बचत धरतात. त्यानंतर पंखे आणि छत. नवीन एसी आणि सोलर सगळ्यांत शेवटी.

कामं झाल्यावर लगेचच्या बिलावरून निकाल काढू नका. फेब्रुवारीत सुधारणा केली आणि मार्चचं बिल वाढलं तर ते उन्हामुळेच. रोजच्या युनिटांची तुलना पुन्हा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा आणि निदान एप्रिल, मे, जून ही तीन बिलं येऊ द्या. तिन्हींत फरक दिसला नाही, तर अहवाल घेऊन त्याच ऑडिटरकडे जा आणि कोणत्या ओळीतला अंदाज चुकला ते त्याच्याबरोबर बसून शोधा.